शुक्रवारी ती खायची

सुलभा,

तू जाईपर्यंत तुझी खात्री होती की मागच्या कापड-कारखान्यातल्या लूमच्या आवाजाला स्नेहल घाबरायची आणि तुझ्या मांडीवर तिला धीर यायचा नाही, म्हणून तान्हेपणी ती तुझ्या हातून जेवली नाही. दोन्ही खोटं होतं. आवाजाला ती घाबरत नव्हती. तुझ्या मांडीत काही कमी नव्हतं. तू स्वयंपाकघरात तिच्यासाठी भाजी मऊ करत असायचीस, तेव्हा मागच्या खोलीत मी तिला साखर घातलेल्या दुधात बिस्किट कुस्करून भरवत असे. पोट भरलेलं, जीभ गोड झालेली. मग तू वाटी घेऊन यायचीस.

एवढंच सांगायचं होतं. ते सांगायला अकरा-बारा वर्षं लागली, आणि आता ऐकायला तू नाहीस. माणसं भेटायला येतात, तुझ्या फोटोसमोर बसतात, "नणंद-भावजय असाव्यात तर अशा" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मी पहिल्यापासून कमी बोलणारी. त्यामुळे माझं गप्प बसणं त्यांना दुःखाचं वाटतं. दुःख आहेच. पण ते जेवढं आहे त्याच्या खाली दुसरं काय आहे हे फक्त मला माहीत आहे, आणि ते घेऊन मी पाहुण्यांपुढे साखरेचं भांडं सरकवते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. स्नेहलचं उष्टावण तुझ्या भावाने केलं, अंगठीने खीर चाटवून. खीर तिने मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तू भाज्यांच्या मागे लागलीस. दवाखान्यातल्या बाईंनी तुला एवढंच सांगितलं होतं की सहा महिने झाले, आता दुधाबरोबर थोडं वरणाचं पाणी, थोडी उकडलेली भाजी सुरू करा. पुढचं सगळं तुझ्या डोक्यातलं. कधी चुकायचीस, कधी जमायचं. पहिल्यांदा तू पालक उकडलास आणि त्याची एक दांडी तशीच राहिली, पोरीला ठसका लागला, तर तूच तिच्यापेक्षा जास्त रडलीस.

नाक्यावर अंजूर गावची पारूबाय भाजी घेऊन बसायची. तिच्याकडे तू रोज एक-एक भाजी निवडायला जायचीस आणि मी पिशवी धरून मागे.

"काय गो बाय, येक गाजर न्हेतेस? घरात पाव्हना येनार हाय का उंदीर?"

"पाहुणी आहे, पारूबाय. सात महिन्यांची."

"मंग तिला दात न्हाय, ती गाजर काय वाजवनार हाय? दुधी ने. कोवला हाय, नख लाव बघू."

तू नख लावायचीस. आणि घरी आल्यावर त्या दुधीची स्नेहलशी ओळख करून द्यायचीस. "हे बघ, हे दुधीकाका. अंजूरहून आलेत. दमलेत बिचारे. आज त्यांना नुसतं बघायचं." पहिल्या दिवशी खरंच नुसतं बघणं. उकडलेली एक फोड तिच्या मुठीत द्यायचीस, पोर ती चुरगळायची, गालाला फासायची, झबल्याला पुसायची. मग कधीतरी बोटाच्या टोकावर घेऊन ओठाला लावायचीस. मग तांदळाच्या दाण्याएवढं आत. तिने थुंकलं तर पुसून टाकायचीस आणि तिच्याकडे बघून हसायचीस. मीठ नाही, साखर नाही. एका भाजीची ओळख झाल्याशिवाय दुसरी आणायची नाही.

आमच्या आईला हे सगळे थेर वाटायचे. चोच असलेलं चांदीचं बोंडलं काढून ती तयार असायची.

"आण इकडे तिला. नाक धरलं की तोंड उघडतं. दिलीपला मी असाच पालक पाजलाय."

"म्हणूनच ते अजून पालक खात न्हाईत, आई."

"न्हाईत नव्हे, नाहीत. खारबाव सोडून वर्ष दोन वर्षं झाली तुला."

"नाहीत, आई. नाहीत ते नाहीतच."

दिलीप वर्तमानपत्रामागे हसला होता. आईसुद्धा तोंड फिरवून हसली. तू या घरात आलीस तेव्हापासून अशी हसण्याची सवय घराला लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला ती सोसत नव्हती. तुझ्याआधी हे घर मी चालवत होते. दोन ठिकाणी ठरता ठरता मोडलं, मग बघायला येणं बंद झालं, मग तो विषय निघणं बंद झालं. मी पस्तिशीला आले होते. तुझ्यावर माझा राग होता असं म्हणता येणार नाही. तुझ्या बाळंतपणात रात्ररात्र जागले, तुझ्या पायांना तेल लावलं. ते मनापासून केलं. माझ्यात दोन बायका होत्या असं म्हणून सुटणं सोपं आहे. पण बाई एकच होती. तीच तेल लावत होती.

पहिल्यांदा झालं ते ठरवून झालं नाही. तू दुधी शिजायला ठेवला होतास, स्नेहल माझ्याकडे मागच्या खोलीत होती आणि भुकेने रडायला लागली होती. आईच्या चहासाठीचा बिस्किटांचा डबा तिथेच फळीवर असायचा. अर्धं बिस्किट दुधात भिजवलं, बोटाने तिच्या जिभेवर ठेवलं. ती गप्प झाली. बिस्किट गिळून झाल्यावरही तिने माझं बोट सोडलं नाही. हिरड्यांनी धरून ठेवलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. सुलभा, त्याआधी मला कोणीही असं धरून ठेवलं नव्हतं.

मग तू दुधी घेऊन आलीस आणि तिने तोंड फिरवलं. तू म्हणालीस, "आज मूड नाही वाटतं पाहुण्यांचा." मला तेव्हा सांगता आलं असतं. सांगण्यासारखं फार मोठं काही नव्हतंच. पण तिने तुझ्यापासून तोंड फिरवलं ते माझ्या खांद्याकडे. माझ्या मानेत तिने नाक खुपसलं. त्या एका क्षणासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा उघडला.

आपल्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. सकाळी लूम सुरू झाले की बोलायचं म्हणजे ओरडायचं. मागची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसत्या फळ्यांचं पार्टिशन, पण त्या धडधडाटात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज तुझ्यापर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. ते झाकण भलतं घट्ट होतं. उघडताना चमचा लावून उचकटावं लागायचं आणि ते टण्णदिशी उडायचं. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी घर इतकं शांत असायचं की तू ओट्यावर वाटी ठेवलीस तरी मला इकडे कळायचं. म्हणून शुक्रवारी मी डब्याला हात लावत नसे.

आणि शुक्रवारी ती तुझ्या हातून खायची.

हे तुझ्या लक्षात येईल असं मला वाटलंच नव्हतं. पण तू आई होतीस, तुझं सगळं लक्ष त्या एका वाटीत होतं. एका दुपारी तू मला धरून बसवलंस. "वन्सं, तुम्ही बघितलंत का? शुक्रवारी ही खाते. दर शुक्रवारी. मागच्या शुक्रवारी तांबडा भोपळा खाल्ला, त्याच्या आधी शिराळं. शनिवारी तेच शिराळं दिलं तर थुंकली."

तू पुढे म्हणालीस, "आधी वाटलं, हे घरी असतात म्हणून." दिलीप सुताच्या पेढीवर कारकून, त्याला सुट्टी शुक्रवारीच. "पण परवा मंगळवारी तापाने घरी होते ना, तेव्हाही नाही खाल्लं. मग राहिलं काय? आवाज. हिला या लूमची भीती वाटते, वन्सं."

न बोलणं मला जमतंच.

पण एकदा बोलले. त्याचीही गोष्ट सांगते, कारण सगळ्यात वाईट वाक्य तेच. भर दुपारी वीज गेली आणि लूम एकदम थांबले. मी तिला नुकतंच भरवून तोंड पुसलं होतं. तू घाईघाईने वाटी घेऊन आलीस, चेहरा उजळलेला, आता शांत आहे, आता खाईल. तिने तोंड मिटून घेतलं. तू वाटी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे बघितलंस. "आता तर आवाज नाही, वन्सं. मग?" तुझा तो सिद्धांत तिथेच मोडत होता. अजून एक मिनिट गेलं असतं तर तू दुसरं कारण शोधायला लागली असतीस. मी म्हटलं, "आत्ता कुठे थांबलेत. तिच्या कानात अजून घुमत असेल."

तू मान हलवलीस. तुला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तू तिच्या कानात कापसाचे बोळे घातलेस, वरून टोपडं बांधलंस. वैशाखाचे दिवस. ती लालबुंद झालेली, टोपड्याखालून घाम गळतोय, आणि तू तिच्यासमोर दुधीची वाटी धरून, ओठ मोठे मोठे हलवून, आवाज न करता बोलतेयस, म्हणजे ती ओठ बघून हसेल. मी उंबरठ्यावर उभी होते. माझ्या बोटाला अजून साखर चिकटलेली होती.

शेजारच्या खतिजाबीने एकदा मला बाजूच्या अंगणात धरलं होतं. मधली भिंत कमरेएवढी. तिने वरून वाकून माझ्या हातातली बिस्किटाची वाटी बघितली. "जेवनाच्या आधी गोड देतेस होय गो पोरीला? मग भाजीला तोंड कोन लावेल?" सहज म्हणाली आणि कपडे वाळत घालायला लागली. मी हसल्यासारखं केलं. पुढे कितीतरी दिवस ती तुझ्याशी बोलताना दिसली की मी काहीतरी काम काढून तुला आत हाक मारायचे. ती काही बोलली नाही. तिच्या दृष्टीने ती गोष्टच नव्हती. कोणाच्याही दृष्टीने नव्हती, एवढी ती लहान होती. पोरीला आत्याने बिस्किट दिलं. यासाठी कोणी कोणाला धरत नाही.

मग तू माहेरी गेलीस, पंधरवडाभर. परत आलीस ती वेगळीच होऊन. रिक्षातून उतरतानाच सांगायला लागलीस. "तिकडे सगळं खाल्लं हिने. पडवळ, माठ, काय म्हणाल ते. माझ्या हातून, वन्सं. बाबा तर म्हणाले, ही पोर न्हाय, बकरी हाय." तू हसत होतीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्या संध्याकाळी तू दिलीपला म्हणालीस, आपण खारबावला बिऱ्हाड करू, निदान एक-दोन वर्षं. तिथे लूम नाहीत.

"एका दुधीसाठी घर सोडायचं?" दिलीप म्हणाला.

"दुधीसाठी नाही. ती माझ्याकडे येते तिथे."

"तिकडून गाड्या किती आहेत माहीत आहे ना तुला? माझी ड्युटी कोण करणार, तुझा बाप?"

तुमचं ते भांडण कधी मिटलंच नाही. नंतर कितीतरी वर्षं दुसऱ्याच कशावरून तरी वाद निघायचा आणि तू शेवटी खारबाववर यायचीस. पण त्या संध्याकाळी तू माझ्याकडे वळली होतीस. "वन्सं, तुम्ही सांगा ना ह्यांना. तुमचं ऐकतात." आणि ते खरं होतं. दिलीपने माझं ऐकलं असतं.

मी म्हटलं, "आईचं वय बघ, सुलभा."

पहिलं बिस्किट भुकेसाठी होतं, असं मी मला समजावू शकते. पण तू परत आलीस त्याच्या दुसऱ्याच दुपारी मी जे बिस्किट भिजवलं, त्याला कोणतंही नाव देता येत नाही. पोर खारबावला तुझ्या हातून जेवली होती. लूम पुन्हा धडधडत होते, आणि ती कदाचित इथेही जेवली असती. ती जेवू नये म्हणून मी ते केलं. तू पडवळाची वाटी घेऊन आलीस तेव्हा तुझ्या चालण्यात खात्री होती. मी बाजूला सरकून तुला जागा दिली.

तिने वाटीला हात मारला. पडवळ जमिनीवर गेलं.

त्यानंतर आईने निकाल दिला. मीठ-मोहरी उतरवून झालं होतं, गंडा बांधून झालं होतं. आई म्हणाली, "सुलभा, तुझ्या हाताला ती धरत नाही. असतं एकेकाचं. आता ही भरवू दे तिला." ही म्हणजे मी. तू वाटी माझ्या हातात दिलीस, आणि स्वतःहून म्हणालीस, "आधी फोड हातात द्या, वन्सं. घाई करू नका. थुंकली तर हसा."

मी तसंच केलं. अगदी तुझ्यासारखं. फक्त डबा उघडला नाही. दोन-चार दिवसांत ती माझ्या हातून दुधी खायला लागली, मग गाजर, मग पालक. लूम धडधडत असताना. तू दारात उभी राहून बघायचीस. एके दिवशी तू खाली वाकून माझ्या पायांना हात लावलास. "तुमच्या हाताला गुण आहे. तुमच्याकडे तिला आवाज लागत नाही. माझ्याकडे काय कमी आहे कोण जाणे." मी पाय मागे घेतले. तुला वाटलं, संकोचाने.

त्या दिवसापर्यंत दोष लूमचा होता. त्या दिवसापासून तो तू तुझ्यावर घेतलास, आणि मी तो तुझ्याकडे राहू दिला.

नंतरचं काही मोठं घडलं नाही. हळूहळू घडत गेलं. स्नेहल पडली की आत्या. ताप आला की आत्या. शाळेत बाईंनी आईचं चित्र काढायला सांगितलं तर तिने काढलेल्या बाईला माझ्यासारखा चष्मा. ते चित्र तू भिंतीला चिकटवलंस. तू एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरलीस, पहिल्या पगारातून मला पातळ आणलंस, निळं, जरीच्या बारीक काठाचं. "माझं काम तुम्ही करता, मग पगारही तुमचा नको?" अशी थट्टा केलीस. त्या थट्टेत खोच नव्हती. मी खूप शोधली. असती तर बरं झालं असतं. ते पातळ मी नेसले, सगळ्या सणांना नेसले, आणि दरवेळी तू म्हणालीस की मला खुलतं.

दुसऱ्या मुलाला तू नाही म्हणालीस. दिलीपला वाटलं, नोकरीमुळे. आईला वाटलं, फॅशन. मला तू गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलंस, "एकीला जेवू घालता आलं नाही, वन्सं. दुसऱ्याला कशाला उपाशी मारू?" मी तुला एकेक चिमटा देत होते. सगळे चिमटे संपेपर्यंत वेळ होता. मी बोलू शकले असते. खाली लूम चालू होते, कोणाला ऐकू गेलं नसतं.

तू जाताना तरी. ठाण्याला दवाखान्यात शेवटी शेवटी तुला काही जाईनासं झालं होतं. मी दुपारी डब्यात दुधीचं सूप घेऊन यायचे. तू दोन चमचे घ्यायचीस आणि तोंड फिरवायचीस. एकदा असं तोंड फिरवून तूच हसलीस. "बघा, मायलेकी सारख्या." मग जरा वेळाने, पंख्याकडे बघत विचारलंस, "वन्सं, एक सांगा. ती तुमच्या हातून कशी हो खायची? तुम्ही नेमकं काय करायचात?"

तुझा आवाज अगदी साधा होता. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. शेजारची कॉट रिकामी होती, नर्स नव्हती, दिलीप औषधं आणायला खाली गेला होता.

मी म्हटलं, "तू शिकवलंस तेच केलं."

तू म्हणालीस, "हं." आणि डोळे मिटलेस.

आता कधी कधी मन असं सुचवतं की तुला सगळं ठाऊक असेल. तू मोठ्या मनाची होतीस, जाणूनबुजून गप्प बसली असशील, मला माझ्याच तोंडून सांगायची संधी देत असशील. असं मानलं तर मला झोप लागेल. पण तसं नव्हतं, सुलभा. तुझा चेहरा मला पाठ आहे. तुला ठाऊक नव्हतं. तुला खरंच वाटत होतं की तुझ्यात काहीतरी कमी आहे, आणि ते काय होतं हे तू मला, मलाच, विचारत होतीस. ते न कळता तू गेलीस. याला आता कुठूनही दुरुस्ती नाही. मी उद्या उपास धरले, तुझ्या नावाने दान केलं, या सगळ्या भिवंडीला ओरडून सांगितलं, तरी ज्या एका माणसाला हे कळायला हवं होतं त्याला कळणार नाही. देवळात मी जात नाही. तिथे काय मागायचं हे मला समजत नाही.

तुझे दिवस झाले त्या दुपारी बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. तुझी आई होती, भाऊ होता. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, पोरगी रडली न्हाय अजून. मी आत आले. स्नेहल ओट्याला टेकून उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

"आत्या, मला रडूच येत नाही गं. मी प्रयत्न केला."

"राहू दे."

"आई चांगली होती. माझ्यावर कधी ओरडली पण नाही. पण..." तिने ओट्याच्या कडेला नख लावलं. "मी तिला आवडत नसेन ना? आजी सांगायची, मला तिने कधी भरवलंसुद्धा नाही. सगळं तूच केलंस."

मी ते घर, ती पोर, तो तेरा दिवस न रडलेला चेहरा बघितला आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय उचललं होतं. मला वाटायचं मी तुझ्याकडून स्नेहल घेतली. मी स्नेहलकडून तुला घेतलं होतं. तिच्यापाशी आता रडायला आईच नव्हती.

मी तिला सांगितलं. डबा, बिस्किट, शुक्रवार, कापूस, सगळं. माझा आवाज स्थिर होता, याची मला आता लाज वाटते. मी थांबल्यावर तिने विचारलं,

"म्हणजे आई रोज यायची वाटी घेऊन?"

"रोज."

"आणि मी काय करायचे?"

"तोंड फिरवायचीस."

"मग ती काय करायची?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पुसून काढायची तुला. मग उरलेलं स्वतः खायची. टाकलं तर आजी बोलेल म्हणून. ओट्यापाशी उभ्यानेच, तुझ्याच छोट्या चमच्याने. मीठ नाही, काही नाही, गार झालेलं. एकदा मी म्हटलं, त्यात थोडं तिखट-मीठ घाल की. तर म्हणाली, नको, हिला काय चव लागते ते मला कळायला पाहिजे."

स्नेहलचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तिचा खालचा ओठ, लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा, बाहेर आला. ती खाली बसली आणि रडायला लागली. असं रडणं मी या घरात ऐकलं नव्हतं. "आई" एवढाच एक शब्द. मी एक पाऊल पुढे टाकलं. तिने मान वर न करता हात उभा केला.

"तू बाहेर जा, आत्या."

मी बाहेर आले. रडण्याचा आवाज बाहेर येत होता. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं.

"कोनासाठी रडते गो?"

"सुलभासाठी," मी म्हटलं.

म्हातारीने डोळ्याला पदर लावला. "रडू दे. रडाया पायजे." मग ती चटईवर जरा सरकली आणि तिच्या शेजारची जागा हाताने साफ केली, माझ्यासाठी. "तू बस हितं. तू लई केलंस तिचं."

मी बसले नाही. आत ती तुला हाका मारत होती आणि मी दाराशी उभी राहून ऐकत होते.